तुटतो की नाही: डीएनएच्या धाग्याने पेशीची ओढ मोजताना

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी सतत काही ना काही ओढत असतात. ज्या पृष्ठभागावर पेशी बसलेली असते त्याला ती पकडते, आपल्या आतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्याने ती पकड आत खेचते, आणि समोरची वस्तू किती मऊ किंवा किती कडक आहे याचा अंदाज घेऊन पुढचे वागणे ठरवते. इतके आता पाठ्यपुस्तकांतही सापडते. मात्र पेशीचा एक रेणू नेमक्या किती बलाने ओढतो, असे विचारले की एका गटाच्या शोधनिबंधात सुमारे ४० पिकोन्यूटन हे उत्तर मिळते आणि दुसऱ्या गटाच्या त्याच वर्षीच्या शोधनिबंधात १ ते ५ पिकोन्यूटन. दोन्ही गट नावाजलेले, दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले, आणि माझ्या मते दोन्ही उत्तरे बरोबर. मी स्वतः अशा मोजणीसाठी लागणाऱ्या काचा तयार करण्याचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहण्याचे काम करते, त्यामुळे ही तफावत मला रोज भेटते. ती कोठून येते ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

आधी मापाविषयी. शंभर ग्रॅमच्या फळाचे वजन साधारण एक न्यूटन भरते, आणि पिकोन्यूटन हा त्याचा एक लाख कोटीवा भाग. माणसाच्या एका तांबड्या रक्तपेशीचे हवेतले वजन काढले तर ते एक पिकोन्यूटनच्या आसपास येते. म्हणजे आपण ज्या बलांविषयी बोलत आहोत ती पाच, दहा, फार तर पन्नास तांबड्या पेशींच्या वजनाएवढी आहेत, आणि ती एकाच प्रथिन रेणूवर पडत असतात. यात आणखी एक अडचण आहे. खोलीच्या तापमानाला पाण्यातला प्रत्येक रेणू उष्णतेमुळे थरथरत असतो, आणि त्या थरथरीची ऊर्जा बल आणि अंतर यांच्या गुणाकारात मांडली तर ती सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरते. चार पिकोन्यूटनच्या बलाने एक नॅनोमीटर ओढण्याचे काम आणि नुसत्या उष्णतेचा एक धक्का यांची ऊर्जा जवळपास सारखीच. पेशी नेमकी याच सीमारेषेवर काम करते, आणि म्हणून मोजणाऱ्याचे काम कठीण होते.

पेशी ओढते हे डोळ्यांना दिसले ते १९८० मध्ये. अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी सोडल्या आणि पेशींच्या खाली त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडलेल्या दाखवल्या. पुढे सुरकुत्यांच्या जागी पॉलिॲक्रिलामाइडचे मऊ जेल आले, त्यात रोवलेले चमकणारे मणी किती सरकतात यावरून बल काढण्याची पद्धत आली, मग वाकणारे सूक्ष्म खांब आले. याच वाटेवर २००६ मध्ये एक प्रयोग झाला, ज्याने हा विषय जीवशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला: एकाच प्रकारच्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूपेशींसारख्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या घडू लागल्या. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांपैकी दुसरे नाव शमिक सेन यांचे आहे; ते पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत आले आणि तेथे पेशींच्या यांत्रिकीवर काम करू लागले. या सगळ्या पद्धतींनी मिळणारी बले नॅनोन्यूटनमध्ये असतात, म्हणजे शेकडो-हजारो रेणूंची बेरीज. त्या बेरजेत एकेका रेणूचा वाटा किती, हे जेल सांगू शकत नाही.

एकेका रेणूचे बल मोजता येत नव्हते असे नाही. लेझरच्या किरणाने सूक्ष्म मणी पकडून धरणारे प्रकाशीय चिमटे होते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने त्यांच्याच साहाय्याने, पेशीने गिळलेल्या मण्यांना ओढून नेणाऱ्या डायनिन प्रथिनांची एकजूट २०१३ मध्ये पेशीच्या आतच मोजून दाखवली होती. मात्र चिमट्याने एका वेळी एकच मणी धरता येतो. पेशीच्या तळाशी एकाच वेळी हजारो ठिकाणी चाललेली ओढाताण पाहायची असेल, तर प्रत्येक ठिकाणी आधीपासून एक मापक बसवून ठेवलेला हवा, तो काही नॅनोमीटरचा हवा, आणि त्याने आपली बातमी प्रकाशाच्या रूपात द्यायला हवी.

डीएनए या कामाला आला तो आनुवंशिकतेमुळे नव्हे. त्याचे यांत्रिक गुण आधीच कसून तपासले गेले होते म्हणून. कार्लोस बुस्तामांते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात डीएनएचा एकेक रेणू ताणून पाहिला होता. दुहेरी डीएनए सुमारे ६५ पिकोन्यूटनला अचानक लांबतो हे १९९६ पासून ठाऊक होते, आणि त्याचे दोन धागे एका टोकापासून उलगडायला १२ ते १५ पिकोन्यूटनच्या आसपास बल लागते हेही त्यानंतर लगेचच कळले. शिवाय हवा तो अक्षरक्रम आणि हव्या त्या जागी चिकटवलेला रंग असलेला डीएनए मागणीनुसार बनवून मिळतो. इतकी माहिती आणि इतकी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही जैविक रेणूच्या बाबतीत क्वचितच मिळते.

२०१३ मध्ये शुएफेंग वांग आणि तेकजिप हा यांनी या माहितीचा जो उपयोग केला, तो मला अजूनही या विषयातला सर्वांत देखणा विचार वाटतो. त्यांनी १८ बेस-जोड्यांचा, म्हणजे दोन धाग्यांना सांधणाऱ्या अक्षरांच्या १८ जोड्यांचा, एक छोटा दुहेरी डीएनए घेतला. एका धाग्याच्या टोकाला पेशी पकडू शकेल असा रेणू लावला आणि दुसरा धागा बायोटिन या छोट्या रेणूच्या साहाय्याने काचेला बांधला. आता गंमत अशी की, काचेला बांधण्याची जागा बदलली की तोच डीएनए वेगवेगळ्या बलाला तुटतो. बॅगेची चेन एका टोकाने धरून उघडली तर एका वेळी एकच दात सुटतो आणि ती सहज उघडते. त्याच चेनच्या दोन पट्ट्या लांबीच्या दिशेने विरुद्ध बाजूंना खेचल्या तर सगळे दात एकदम प्रतिकार करतात. डीएनएचेही तसेच होते. पेशीची पकड आणि काचेची गाठ दोन्ही एकाच टोकाला असतील तर तो सुमारे १२ पिकोन्यूटनला उलगडतो, गाठ दुसऱ्या टोकाला असेल तर सुमारे ५६ पिकोन्यूटनपर्यंत टिकतो, आणि गाठ मधे कुठेतरी घेतली तर मधली मूल्ये मिळतात. अक्षरक्रम तोच, लांबी तीच, रसायन तेच. बदलली ती फक्त गाठीची जागा. त्यामुळे दोन प्रयोगांत फरक दिसला तर तो बलामुळेच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. धागा आणखी लांब केला तर हवे तितके बल मोजता येईल असे मात्र नाही. पियेर-जिल द जेन यांनी २००१ मध्येच दाखवले होते की लांबीच्या दिशेने ओढताना ताण दोन्ही टोकांच्या काही जोड्यांवरच एकवटतो, त्यामुळे एका मर्यादेनंतर मधल्या जोड्या वाढवून काही साधत नाही.

या धाग्यांवर पेशी सोडल्या आणि त्या पसरतात की नाही ते पाहिले. इंटेग्रिन हे पेशीचे पकडीचे मुख्य प्रथिन. सुमारे ४० पिकोन्यूटनच्या आत तुटणाऱ्या धाग्यांवर पेशी नीट चिकटून पसरू शकल्या नाहीत, त्याहून मजबूत धाग्यांवर त्या पसरल्या. निष्कर्ष असा की चिकटण्याची सुरुवात होण्यासाठी एकेका इंटेग्रिनला सुमारे ४० पिकोन्यूटन ताण अनुभवावा लागतो. त्याच शोधनिबंधात नॉच या ग्राही प्रथिनाचीही परीक्षा झाली. नॉचला शेजारची पेशी ओढते, त्या ओढीने त्याचा एक झाकलेला भाग उघडा पडतो, तेथे तो कापला जातो आणि संदेश केंद्रकाकडे जातो, अशी कल्पना होती. पण नॉच १२ पिकोन्यूटनच्या सर्वांत कमकुवत धाग्यावरही जागृत झाला. म्हणजे त्याला लागणारे बल त्याहून कमी होते, किंवा बल लागतच नव्हते. दोन शक्यतांपैकी कोणती खरी हे ठरवायला त्याहून हळवा धागा हवा होता, आणि साध्या डीएनएची उलगडण्याची मर्यादा तर गाठून झाली होती. २०१६ मध्ये तेकजिप हा यांच्याच गटाने ई. कोलाय जिवाणूतल्या एसएसबी या प्रथिनाभोवती एकेरी डीएनए यो-योच्या दोरीसारखा गुंडाळून तसा धागा तयार केला आणि नॉचला ४ ते १२ पिकोन्यूटनच्या दरम्यान बल लागते हे दाखवले. आकडा लहान आहे, पण ‘लागतच नाही’ ही शक्यता त्याने निकालात काढली.

तुटणारा धागा एकदाच बोलतो. पेशी केव्हा ओढते, केव्हा सोडते हे पाहायचे तर उघडणारा आणि पुन्हा मिटणारा मापक हवा. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात खालिद सलैता यांच्या गटाने आणि दुसरीकडे क्रिस्टोफर चेन यांच्या गटाने २०१४ मध्ये असे मापक डीएनएच्या हेअरपिनपासून बनवले. हेअरपिन म्हणजे स्वतःवरच दुमडून जोड्या जुळवलेला एकेरी धागा. त्याच्या एका बाजूला चमकणारा रंग असतो आणि दुसऱ्या बाजूला त्या रंगाचा प्रकाश गिळणारा क्वेंचर रेणू. मिटलेल्या अवस्थेत दोघे चिकटून असतात आणि अंधार असतो, पेशीने ओढले की ते दूर जातात आणि प्रकाश दिसतो. किती बलाला उघडायचे हे अक्षरांवर ठरते. सलैता यांच्या एका हेअरपिनमध्ये दांड्याच्या नऊ जोड्यांपैकी दोन जोड्या जी-सी प्रकारच्या, म्हणजे जास्त घट्ट धरणाऱ्या, आहेत आणि तो ४.७ पिकोन्यूटनला उघडतो; नऊपैकी सात जी-सी केल्या की तोच आकडा १३.१ होतो. येथे उघडतो याचा अर्थ, त्या बलाला तो निम्मा वेळ उघडा आणि निम्मा वेळ मिटलेला असतो.

या प्रयोगाची काच तयार करणे हे एक वेगळेच चिकट काम असते. काच आधी सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात धुवायची, मग तिच्यावर सिलेनचा थर द्यायचा, त्यावर बायोटिन, त्यावर बायोटिनला घट्ट धरणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन. तोवर डीएनएचे तुकडे ९५ अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड करत जोडून ठेवायचे आणि शेवटी काचेवर पसरायचे. यातली एकही पायरी दिसत नाही, त्यामुळे काच चांगली झाली की नाही हे पेशी टाकेपर्यंत कळत नाही. पेशी पडली की मात्र दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते. सुरुवातीला परावर्तित प्रकाशात पेशीचा तळ काचेजवळ आल्याची काळसर सावली उमटते आणि चमकणाऱ्या रंगाच्या चित्रात अजून काहीच नसते. मग पेशी पसरू लागते आणि तिच्या कडेला एक कंगोरेदार कडे उजळते; ते सलग नसते, कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या छोट्या छोट्या रेघांचे असते, कारण ॲक्टिनचे जुडगे त्याच दिशेने ओढत असतात. ॲक्टिनचे जाळे मोडणारे लॅट्रनक्युलिन द्रावणात सोडले की काही मिनिटांत त्या रेघा विझतात, आणि तेव्हाच खात्री पटते की दिसत होते ते बल होते, काचेवरची घाण नव्हती.

आता सुरुवातीच्या तफावतीकडे येऊ. २०१३ मध्ये स्टॅनफर्डला अलेक्झांडर डन यांच्या गटाने कोळ्याच्या रेशमातल्या लवचीक पेप्टाइडचा मापक वापरून इंटेग्रिनवरचे बल १ ते ५ पिकोन्यूटन असल्याचे सांगितले. वांग आणि हा यांचा आकडा ४०. यातला एक चुकीचा असला पाहिजे असे प्रथमदर्शनी वाटते, पण दोन मापकांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. रेशमाचा मापक त्या क्षणी ताण किती आहे ते सांगतो, आणि चित्र घेतले त्या क्षणी बहुतेक इंटेग्रिन रेणू थोडाच भार वाहत असतात. तुटणारा धागा मात्र इतिहास सांगतो: प्रयोगाच्या अर्ध्या-एक तासात कधीही, एका क्षणासाठी जरी, भार मर्यादेपलीकडे गेला तरी तो तुटतो आणि तुटलेलाच राहतो. त्यामुळे शंभरांतले चार-दोन रेणूच कधीतरी मोठा भार उचलत असतील, तर पहिल्या चित्रात ते सरासरीत बुडून जातात आणि दुसऱ्या चित्रात तेवढेच उठून दिसतात. चिकटण्याची प्रक्रिया त्या थोड्यांवर अवलंबून आहे की बहुसंख्य हलक्या हातांवर, हा खरा जीवशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो नुसत्या आकड्यांच्या तुलनेत हरवतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि तिच्याकडे शोधनिबंध वाचणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘५६ पिकोन्यूटनचा धागा’ याचा अर्थ ५५ ला तो अभेद्य आणि ५७ ला खलास, असा नाही. तेवढे स्थिर बल लावले तर तो साधारण दोन सेकंदांत तुटतो, असा त्याचा अर्थ. त्याहून कमी बल बराच वेळ लावले तरी उष्णतेचे धक्के आपले काम करतात आणि धागा तुटतो. शिवाय हे आकडे ठरावीक तापमानाला आणि ठरावीक क्षारांच्या प्रमाणाला लागू असतात. ३७ अंशांना तोच डीएनए थोडा सैल असतो. भर म्हणून रक्तद्रव्यात आणि पेशींच्या स्रावात डीएनए कापणारी विकरे असतात, त्यामुळे पेशीने न ओढताही धागा तुटल्याचा भास होऊ शकतो. याच कारणाने असे प्रयोग बहुधा तासाभरात उरकतात, आणि पेशीला पकडता येणार नाही असा बिनपकडीचा धागा शेजारच्या काचेवर ठेवल्याशिवाय मी तरी कोणताही आकडा गंभीरपणे घेत नाही.

टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, बाबतीत हा वाद अधिक रंगला. टी-पेशी शत्रूचा तुकडा ओळखताना आपल्या ग्राहीने त्याला ओढून पाहते का, हा प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातला जुना प्रश्न. सलैता यांच्या गटाने २०१६ मध्ये काचेऐवजी सोन्याच्या नॅनोकणांवर बसवलेले हेअरपिन वापरले आणि १३.१ पिकोन्यूटनचे उघडतात, १९ चे जवळपास उघडत नाहीत, असे पाहून १२ ते १९ ही मर्यादा सांगितली. तुकडा १२ ला सुटणाऱ्या धाग्यावर दिला तर पेशीची खरे-खोटे ओळखण्याची क्षमता ढासळते हेही दाखवले. २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या गटाने रेशमाच्या मापकाने पाहिले तेव्हा, तुकडा हलू न शकणाऱ्या गोठलेल्या मेदपटलावर असेल तर सुमारे ५ पिकोन्यूटन मिळाले, आणि तो खऱ्या पेशीसारख्या प्रवाही पटलावर असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच, तेही पेशी जागृत होण्याआधीच. हे मला आश्चर्याचे वाटत नाही. दुसऱ्या टोकाला घट्ट बांधलेले काही नसेल तर फारशी ओढ लागणार कशी? पण शरीरात टी-पेशीसमोर असते ती काचही नव्हे आणि पूर्ण प्रवाही तेलही नव्हे; समोरच्या पेशीचे स्वतःचे ॲक्टिनचे जाळे त्या तुकड्याला काही प्रमाणात जखडून ठेवते. म्हणून यातला कोणता आकडा शरीरातला, हे सांगण्याची घाई करणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

टी-पेशीची ओढ क्षणिक असते, उघडलेला हेअरपिन चित्र घेण्याआधीच मिटतो. त्यावर सलैता यांच्या गटाला २०१९ मध्ये सापडलेला उपाय असा की, द्रावणात एक पूरक धागा तरंगत ठेवायचा. हेअरपिन उघडला की त्याचा लपलेला भाग मोकळा होतो, तो धागा तेथे येऊन बसतो आणि हेअरपिनला मिटू देत नाही. अशा रीतीने क्षणभराची ओढ साठवून ठेवता येते, आणि दुसरा धागा घालून ती नोंद पुसून नवी सुरुवातही करता येते. प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून ओढीची दिशा काढण्याची युक्तीही त्याच गटाची. हे सगळे कौतुकास्पद आहे. फक्त अशा चित्रांशेजारी ‘बल’ असे लिहून पिकोन्यूटनची रंगपट्टी काढलेली दिसली की मला खटकते. एकाच मर्यादेच्या हेअरपिनने काढलेल्या चित्रात जास्त उजेड म्हणजे जास्त बल नव्हे, त्या ठिकाणी मर्यादा ओलांडलेले रेणू जास्त, इतकेच. पट्टीवर तेवढेच लिहावे.

वेळेचा प्रश्न अखेर २०२४ मध्ये तेकजिप हा यांच्या गटानेच थेट हाताळला. १९९६ मध्ये कळलेल्या, ६५ पिकोन्यूटनला अचानक लांबण्याच्या त्याच गुणधर्मावर आधारलेला नवा मापक त्यांनी बनवला आणि एकेका इंटेग्रिनवरचे बल किती वेगाने वाढते ते मोजले: सेकंदाला ०.५ ते ४ पिकोन्यूटन. इतक्या सावकाश चढणाऱ्या बलाखाली दुहेरी धागा आपल्या नावावरच्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच बहुधा तुटतो, कारण वाटेत त्याला थरथरायला भरपूर वेळ मिळतो. दोन सेकंद स्थिर बल हे गृहीतक धरून काढलेला २०१३ चा ४० पिकोन्यूटन आता या वेगाने पुन्हा तपासावा लागेल, आणि नव्या हिशेबात तो खाली सरकला तर स्टॅनफर्डच्या १ ते ५ शी असलेले त्याचे अंतरही कमी होईल. किती कमी, हे गाठ कुठे बांधली होती त्यानुसार प्रत्येक धाग्यासाठी वेगळे काढावे लागेल. उलगडणाऱ्या धाग्याला वेगाचा फरक थोडा पडतो, लांबीच्या दिशेने तुटणाऱ्याला बराच.